ओ न दिलेली हाक

मल्लेश्वरमच्या हॉटेलात ते रोज सकाळी माझ्यासमोर बसतात. कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत राहतात. "स्वल्प निवू दे," म्हणतात आणि शेवटी गारच पितात. मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी जन्मभर सरकारी कारकुनी केली. उत्तरेकडचे साहेब "ए बाबू" अशी हाक मारायचे, तो राग अजून गेलेला नाही.

यंदा ते मुलाकडे नैरोबीला दोन महिने राहून आले.

"नात काय म्हणते?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी 'बाबू, बाबू' करत पायाला बिलगली. वाटलं, बापानंच शिकवलंय चेष्टेनं. मी ओ दिली नाही. दोन महिने दिली नाही."

"मग?"

"निघताना सून म्हणाली, बाबा, इथल्या भाषेत बाबू म्हणजे आजोबा."

"आधी नाही का सांगायचं कुणी?"

"मी विचारलं कुठे?"

काल त्यांनी माझ्यासमोरच व्हिडिओ कॉल लावला. फोन अगदी तोंडाजवळ धरून लाडानं म्हणाले, "पुट्टी, मी बाबू."

नातीनं क्षणभर निरखून पाहिलं. मग शहाण्यासारखं म्हणाली, "हॅलो, अंकल."

या हाकेला मात्र अण्णांनी लगेच ओ दिली.