टाकीचं पोट

कारखान्यात त्यांना सगळे टाकीवाले काका म्हणत. शेतात पडून राहिलेला पेंढा आणि मक्याची ताटं बारीक कापायची, पाण्यात कालवायची आणि तो लगदा एका भल्यामोठ्या बंद टाकीला भरवायचा, हे त्यांचं काम. आतले जंतू तो खात, त्यातून गॅस निघे आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावत. काकांना स्वतःला मात्र बसमध्ये चढायचं जिवावर येई.

काकू गेल्यापासून मुलगी बोलावून बोलावून थकली होती. दरवेळी काकांचं घोडं टाकीपाशी अडे. "अगं, ती उपाशी राहील ना!" खरं तर दुसऱ्या पाळीच्या गड्याने सहज सांभाळून घेतलं असतं. पण लेकीच्या घरी आपल्यावाचून कुणाचंच अडत नाही, इथे निदान टाकीचं तरी अडतं, असं काकांना वाटे. एकटा पडलेला माणूस कशावर जीव लावील, काही नेम नाही.

या खेपेला मुलगी म्हणाली, "बाबा, छोटीच्या वाढदिवसाला या. मी पुन्हा नाही बोलावणार." ती चिडून बोलली नव्हती, म्हणूनच काका घाबरले. त्यांनी रजा घेतली, पिशवी भरली, नातीसाठी लाकडी बदक घेतलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्यांना राहवेना. काकू कुठे जायची झाली की त्यांच्यासाठी डबे भरभरून ठेवायची. तसाच त्यांनी, कुणाला न सांगता, टाकीत दुप्पट लगदा ढकलला.

सकाळी जाता जाता टाकीच्या काचेतून डोकावले, तर टाकीला चक्क अजीर्ण! लगदा आंबलेला, फेस वर आलेला, गॅसचा काटा खाली.

"थोडा चुना टाकू आणि दोन दिवस उपास घडवू, झालं," दुसऱ्या पाळीचा गडी म्हणाला. "मी आहे ना काका. तुम्ही निघा, गाडी चुकेल."

"माझ्या हातून झालंय रे. मी कसा जाऊ?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. उपास म्हणजे टाकीत काहीच घालायचं नाही, त्यामुळे ते दिवसभर रिकाम्या हातांनी काट्याकडे बघत बसले. आज टाकीलाही ते नको होते. त्यांना फार एकटं वाटलं. दुपारी धीर करून त्यांनी मुलीला फोन लावला. ती चांगली रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. मागे मुलांचा गलका चालला होता.

"छोटी रुसली असेल ना गं?"

"नाही रुसली. तुम्ही येणार आहात, हे मी तिला सांगितलंच नव्हतं."