रहिमतपूरच्या वेळेचं घड्याळ

आफ्रिकेतल्या एका देशात आमची बटालियन शांतिसेनेत होती. मी सिग्नल्सचा हवालदार. रेडिओ रूमच्या भिंतीवर तीन घड्याळं: एक तिथल्या वेळेचं, एक भारताचं आणि मधलं झुलूचं. झुलू म्हणजे ग्रीनिचची वेळ. तिथली वेळ त्याच्या दोन तास पुढं, आपली साडेपाच.

एवढी घड्याळं कशाला, असं आता साताऱ्यात कुणी विचारलं की मी मिशीला पीळ देतो आणि खुर्ची पुढं ओढतो. पूर्वी सूर्य डोक्यावर आला की त्या गावापुरते बारा. बैलगाडीच्या जगात भागत होतं. मग रेल्वे आली. एकाच रुळावर दोन गावांच्या गाड्या आपापल्या घड्याळानं सोडल्या तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून पृथ्वीचे चोवीस काप केले. पंधरा अंशांना एक तास, ग्रीनिचला शून्य. आपला देश दोन कापांच्या मधोमध. आपण मिर्झापूरजवळच्या रेषेची वेळ घेतली, म्हणून साताऱ्याचा सूर्य आजही घड्याळाच्या अर्धा तास मागं असतो. फौजेनं प्रत्येक कापाला एक इंग्रजी अक्षर दिलं. ग्रीनिचला झेड, रेडिओवर त्यालाच झुलू म्हणायचं. आपल्या अर्ध्या तासाला अक्षर उरलं नाही. मग 'इको' घेतलं आणि त्याच्या डोक्यावर एक चांदणी चिकटवली.

"म्हंजी आपुन स्टारवालं," नाईक विलास जाधव म्हणायचा. "बाकीचं नुसतं शिपाई."

विलास रहिमतपूरजवळचा. मनगटावरचं घड्याळ त्यानं तिथं गेल्यावरही बदललं नाही. सुभेदार साहेबांनी एकदा पकडलं.

"जाधव, ड्यूटी लोकल टाइमवर असते."

"व्हय साहेब. ड्यूटी लोकलवर हाय. घड्याळ रहिमतपूरवर हाय."

साहेब हसू दाबत निघून गेले. विलास मला म्हणाला, "गड्या, ह्यात बघितलं की कळतंय, सुनंदा आता भाकरी थापतीया का रानात गेलीया."

एके दिवशी सकाळी त्याच्या पेट्रोलवर, म्हणजे गस्तीच्या तुकडीवर, गोळीबार झाला. विलासच्या पोटात गोळी लागली. रेडिओवर पेट्रोलच्या मेजर साहेबांचा आवाज आला तेव्हा लोकल टाइमनं दहा वाजले होते. दोन रस्ते होते. दुसऱ्या देशाच्या तुकडीचं फील्ड हॉस्पिटल गाडीनं दीड तासावर होतं. किंवा मुख्यालयाचं हेलिकॉप्टर. मी मुख्यालयाला विचारलं.

"हेलिकॉप्टर इलेव्हन हंड्रेड," ड्यूटी ऑफिसर म्हणाला.

"से अगेन. झुलू ऑर लोकल? ओव्हर."

"इलेव्हन हंड्रेड. आउट."

इलेव्हन हंड्रेड म्हणजे अकरा, आउट म्हणजे बोलणं संपलं. मी पुन्हा बोलावलं. उत्तर आलं, हेलिकॉप्टर ठरलंय, रेडिओचं नेट मोकळं ठेवा. त्या दिवसापर्यंत रेशनचं प्रत्येक हेलिकॉप्टर त्यांनी लोकल टाइमनं सांगितलं होतं. मी मेजर साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. खड्ड्यांतून दीड तास हादरे देण्यापेक्षा एक तास थांबणं बरं, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या जागी मीही तेच ठरवलं असतं.

अकरा वाजले. पोरांनी हेलिकॉप्टरला खूण म्हणून धुराचा गोळा पेटवला. आभाळ रिकामं. साडेअकरा झाले. गाडी निघाली असती तर तेव्हा विलास ऑपरेशनच्या टेबलावर असता. मी ओरडून विचारलं तेव्हा मुख्यालय म्हणालं, अकरा झुलू. म्हणजे लोकल एक.

पेट्रोलनं त्याला गाडीत घातलं आणि हॉस्पिटलचा रस्ता धरला. विलास वाटेत गेला. मेजर साहेबांनी त्याचं मनगट धरलेलं होतं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. रहिमतपूरचे.

चौकशीत तो ड्यूटी ऑफिसर कडक इस्त्रीत आला. म्हणाला, अक्षर लावलं नसेल तर झुलूच धरायचं असतं, हे सिग्नल्सच्या माणसाला माहीत हवं. मी म्हणालो, सर, म्हणूनच विचारलं होतं. दोनदा. तो माझ्याकडं न बघता पाणी प्यायला. एक शब्द, अर्धा सेकंद लागतो. तो मी त्याच्याकडं मागितला होता आणि त्यानं दिला नाही. इतकी वर्षं झाली, तो ग्लास माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही आणि मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

गावात विलासचा स्मृतिदिन दरवर्षी होतो. यंदा गावकऱ्यांनी एक मोठे पाहुणे ठरवले. त्यांना सकाळी सोयीचं, म्हणून अकराची वेळ धरायचं चाललं होतं. सुनंदावहिनी मला म्हणाल्या, "आवं भावजी, अकराचं नाव काढू नगा. त्येंच्या घड्याळात जे वाजलं हुतं, तवाच."

पाहुण्यांनी चार वाजता येतो म्हणून कळवलं. चार वाजले, पाच मिनिटं झाली, गाडीचा पत्ता नाही. सरपंच माझ्या कानाशी आले. "सायेब, धा मिंटं थांबूया का?"

मी वहिनींकडं बघितलं. त्यांच्या हातात ते घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली, त्यांनी मान हलवली, मी 'सावधान' दिलं. शंभरेक माजी सैनिक एका टाचेनं उभे राहिले.

सलामी संपली तेव्हा पाहुण्यांची गाडी धूळ उडवत आली. ते उतरले, फुलं बघितली, जरा नाराज झाले.

"थोडं थांबायचं होतं," ते म्हणाले.

वहिनींनी घड्याळ पदरात गुंडाळलं.

"थांबून बघितलंय त्येंनी, सायेब."