बिनआवाजी गाडीचं गाऱ्हाणं

आमच्याकडे दारात नवी गाडी आली की घरातला वडीलधारा माणूस हातात नारळ घेऊन अंगणात उभा राहतो आणि गावच्या देवाला मोठ्याने सांगतो, की बाबा रे, तुझ्या अमक्या लेकराने गाडी घेतलीय, तिची आणि तिच्यात बसणाऱ्यांची राखण कर. प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं. याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. दादाच्या गाडीला बाबांनी असं गाऱ्हाणं घातलं होतं की वाडीतली वीस-पंचवीस माणसं होय महाराजा करून दमली. माझ्या गाडीला घातलं नाही. ते मला इतकं लागलं होतं की वर्षभर मी त्याचा विषयसुद्धा काढला नाही. मी बाबांचीच मुलगी, मागून घेण्यातली नव्हे.

दादाची गाडी म्हणजे डिझेलची मोठी जुनी व्हॅन. मुंबईत नोकरी करता करता त्याने ती हौसेने घेतली आणि आत घरच थाटलं. पलंग, दोन शेगड्या, छोटं मोरीवजा सिंक, खिडक्यांना वहिनीने शिवलेले पडदे. आईबाबांना त्याने त्यातून गोव्यापर्यंत नेऊन आणलं, वाटेत चहा आपला आपण केला. खोटं कशाला बोलू, मलाही हेवा वाटला होता. ती सुरू झाली की भांड्यांच्या फळीवरचे पेले वाजायचे आणि बाबा पडवीत बसल्या बसल्या म्हणायचे, "हां, ही गाडी!"

माझी इलेक्ट्रिक. मला केळशीला दिली, तिथे आमची वाडी आहे, आणि मी कोकमं, त्यांच्या रसाचं आगळ, सुके सोडे असला माल दापोली, खेड, चिपळूणपर्यंत पोचवते. आधी टेम्पोवाल्याच्या पाया पडावं लागायचं. मग धीर करून ही लहान व्हॅन घेतली, पुढे दोन माणसं, मागे माल. पहिल्याच आठवड्यात मिरवायला म्हणून माहेरी आणली. आमचं माहेर अलोऱ्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. बाबा पायांत चपला घालून बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर टिचकी मारली.

"इंजिन कुठाय गो?"

"नाही त्याला इंजिन. मोटर आहे."

"मग गाऱ्हाणं कशाचं घालू बाय? मिक्सरला घालतं का कोण गाऱ्हाणं?"

सगळे हसले. मीही हसले, पण नाकाला मिरच्या झोंबल्याच. बरं, बोलणारा माणूस कोण? ज्याची उभी नोकरी पोफळीच्या पॉवर हाऊसमध्ये गेली! वर कोयनेचं पाणी, खाली डोंगराच्या पोटात वीज करणारी यंत्रं, आणि त्यातल्या एका शिफ्टवर आमचे बाबा, दर तासाला आकडे वाचून वहीत उतरवणारे. आमचं लहानपण त्या कॉलनीत गेलं. ज्याने जन्मभर वीज केली त्याने माझ्या विजेच्या गाडीला मिक्सर म्हणावं, हे काय बोलणं झालं?

वर्षभरात त्या मिक्सरने मला काय काय शिकवलं ते माझं मला ठाऊक. सुरुवातीला मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढून गाडी लावायची आणि सासूबाईंनी मिक्सर फिरवला की सगळं घर अंधारात. मग गोठ्याच्या भिंतीवर वेगळा पंधरा अँपिअरचा प्लग बसवून घेतला, अर्थिंगला खड्डा खणून घेतला. आमच्याकडे खारा वारा, प्लगच्या पिना महिन्याभरात हिरव्या पडतात, त्या पॉलिश पेपरने घासायच्या. शेजारच्या वाडीत पंप लागला की चार्जिंग रांगत चालतं. आणि दादासारखं मनात आलं म्हणून निघाले, असं मला जमत नाही. कुठे थांबणार, तिथे प्लग आहे का, तो देणारा माणूस धड बोलणारा आहे का, हे आधी बघावं लागतं. पण सकाळी गाडी तयार असते. धूर नाही, ऑइल नाही, पंपावर रांग नाही. आवाज नसल्यामुळे पहिले काही दिवस केळशीच्या अरुंद रस्त्यांवर गाडी पाठीशी येऊन उभी राहिली तरी कुणाला कळायचं नाही, बायका दचकून शिव्या द्यायच्या. आता सोड्यांच्या वासानेच कळतं की मी आले. पाऊस असो, ऊन असो, रविवार सोडून ती रोज चालते. आणि दादाची गाडी वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला. बाकीचे दिवस ती बाबांच्या अंगणात ताडपत्रीखाली, आणि तिची राखण बाबा करतात.

तर झालं असं की कोयनानगरला बाबांच्या जुन्या सोबत्यांचा मेळावा ठरला. निवृत्त झालेली सगळी पॉवर हाऊसची माणसं. बाबा त्यांच्यातले सगळ्यांत वयस्कर, म्हणून चार शब्द त्यांनी बोलायचे होते. आठ दिवस आधीपासून ते आरशासमोर घसा खाकरत होते. दादा मुद्दाम मुंबईहून आला, मोठ्या गाडीतून बाबांना थाटात न्यायला. मीही चिपळूणला माल टाकून आदल्या संध्याकाळी माहेरी पोचले. गाडीत एकतीस टक्के उरले होते. पडवीतल्या प्लगला गाडी लावली आणि जेवायला बसले.

सकाळी बाबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सातलाच तयार. दादाने ताडपत्री काढली, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बॉनेट उघडलं तर आत उंदरांनी भाताच्या पेंढ्याचं घर केलेलं आणि वायरी अशा कुरतडलेल्या की शेवया बऱ्या. दादाने मिस्त्रीला फोन केला, तो म्हणाला दुपारनंतर बघतो. बाबा पायरीवर उभे होते. हातातली छत्री त्यांनी खाली ठेवली ना, ते मला बघवेना.

"चला माझ्या गाडीतून," मी म्हटलं.

आणि गाडी काढायला गेले तर चव्वेचाळीस टक्के! भरून शंभर व्हायला हवे होते. प्लगजवळ जाऊन बघते तर खटका बंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात झोपण्याआधी प्रत्येक खटका बंद करत फिरणारा माणूस एकच. कॉलनीत असल्यापासूनची सवय, वीज फुकट जाताना बघवत नाही त्यांना. आम्ही अभ्यासाला बसलेलो असायचो आणि हे टेबलावरचा दिवा बंद करून जायचे.

"बाबा, खटका तुम्ही बंद केलात?"

"मी कशाला हात लावू? मी नाय लावला."

आई पदराआडून हसत होती. मी काय ते समजले, पण जायचं होतं त्या दिवशी त्यांच्याशी भांडायचं नाही असं ठरवून गप्प बसले. मला गप्प बसायला किती त्रास होतो ते माझ्या नवऱ्याला विचारा.

कुंभार्ली घाट चढायला लागलो. बाबा माझ्या शेजारी ताठ बसलेले, पाठीमागे सोड्यांचा वास, काच खाली. चढावर टक्के भराभर उतरतात, ते त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. जन्मभर आकडे वाचलेला माणूस तो.

"छत्तीस."

"हो."

"तीस झाले गो."

"दिसतंय मला."

"परत कसं जायचं?"

"वर लावू की कुठेतरी. विजेच्या गावात चाललोय आपण!"

वर पोचलो तेव्हा सतरा उरले होते. हॉलच्या दारात सगळे म्हातारे जमलेले, मिठ्या मारणं, एकमेकांच्या टकलांची चौकशी. आणि बाबांनी हार घालून घ्यायच्या आधी पहिलं काय केलं असेल? संयोजकाला विचारलं, "पंधरा अँपिअरचा खटका कुठाय? लेकीची गाडी लावायचीय." माझं काळीज सुपाएवढं झालं. पॉवर हाऊसची पाच-सहा माणसं गाडीभोवती जमली, एकाने खिशातून टेस्टर काढला (समारंभाला येताना टेस्टर खिशात ठेवणारी माणसं ही!), अर्थिंग तपासलं, एकमेकांशी वाद घातला, मग प्लग लावू दिला. दोन मिनिटं झाली नसतील, लाईट गेली. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने कलंडलेलं झाड तारेवर पडलं म्हणे. हॉलमधले पंखे थांबले आणि ज्यांनी आयुष्यभर वीज केली ती सगळी मंडळी हातातल्या पत्रिकांनी वारा घेत बसली. हसून हसून पुरेवाट झाली. बाबा माइकशिवाय बोलले आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मी मागे उभी होते. मला इतका अभिमान वाटत होता की शेजारच्या अनोळखी बाईंना मी सांगितलं, ते माझे वडील.

चार वाजले तरी लाईट आली नाही. बाबा गाडीत बसले, सतरा आकडा बघितला आणि म्हणाले, "आपण इथेच राहू या. उद्या जाऊ."

"बसा हो."

"घाटात बंद पडली तर?"

"बाबा, जाताना उतार आहे. बसा आणि आकडा वाचा."

घाट सुरू झाला. मी पाय उचलून घेतला, गाडी आपल्या आपण रोखून धरल्यासारखी उतरायला लागली. धुकं नव्हतं, खाली पोफळीपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन-तीन वळणं गेली असतील.

"अठरा," बाबा म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "अठरा कसे झाले गो? सतरा होते."

"उतारावर चाकं मोटर फिरवतात. ती फिरली की वीज होते, परत बॅटरीत जाते."

 पुढच्या वळणावर मी ब्रेक मारला तर एकदम वसकन ओरडले, "ब्रेक मारू नको! पाणी फुकट घालवतेस!"

"पाणी कुठलं बाबा?"

"तेच ते. वरून खाली उतरतंय, त्याची वीज होतेय. आम्ही दुसरं काय करत होतो मग?" आणि खिडकीतून खाली पॉवर हाऊसच्या डोंगराकडे बघत राहिले. नंतर पूर्ण घाटभर त्यांनी शिफ्ट केली. एकोणीस. वीस. मी जरा वेगात वळण घेतलं की ‘हळू, हळू, सगळं घे त्यातलं’. खाली पोफळीला लागलो तेव्हा एकवीस झाले होते. त्यांनी असा आवाज लावला, एकवीस, की एक म्हातारा सायकलवरून उतरून बघायला लागला. घरी पोचेपर्यंत पुन्हा सतरा. वरून निघताना जेवढे, तेवढेच. बाबांच्या शर्टाला सोड्यांचा वास लागला तेवढा, बाकी काही कमी-जास्त झालं नव्हतं.

अंगणात दादा काळ्या हातांनी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. मिस्त्री येऊन गेला होता, वायरी मिळायला दोन दिवस लागणार होते. बाबा गाडीतून उतरले, पाय धुतले, आणि आईला म्हणाले, "नारळ आण."

आई बघतच राहिली. मला वाटलं आता हा दादाच्या गाडीसाठी. ते माझ्या गाडीपुढे येऊन उभे राहिले.  दादाला त्यांनी हात पुसून इकडे ये म्हणून खुणावलं. वीस-पंचवीस माणसं नव्हती, आम्ही तिघंच. त्यांनी डोळे मिटले आणि दुपारी हॉलमध्ये लावला होता तोच आवाज लावला.

"बा देवा महाराजा! तुझ्या लेकीनं ही गाडी घेतली, वरीस झालं, एकटीच्या हिमतीवर ती रोज चालवते आहे…"

"होय महाराजा!" दादा आणि आई.

"तिला रस्त्यात कुठं अडवू नको. तिच्या मालाला, तिच्या कष्टाला यश दे. ह्या गाडीला आवाज नाय म्हणून दुर्लक्ष करू नको, जसं ह्या म्हाताऱ्याने केलं…"

"होय महाराजा!" म्हणताना आईचा आवाज हसत होता. मी नुसते हात जोडून उभी.

शेवटी गाऱ्हाण्यात चूकभूल मागायची असते. सगळेच मागतात, कुणाचं लक्ष नसतं त्याकडे. बाबांनी नारळ छातीशी धरला.

"आणि काल ह्या घरात कोणी सवयीनं खटका बंद केला असंल, आणि सकाळी लेकीनं विचारलं तेव्हा तिच्या तोंडावर खोटं बोलला असंल, तर ती चूक पदरात घे महाराजा."

  आई आणि दादा दोघंही माझ्याकडे बघत होते. गाऱ्हाण्याला होय म्हटल्याशिवाय ते पुरं होत नाही, आणि ह्या वाक्याला होय कोणी म्हणायचं ते अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी डोळे उघडले नाहीत. 

"होय महाराजा!" मी म्हटलं. आई सांगते, पार पऱ्ह्याच्या पाण्यापलीकडच्या वाडीत ऐकू गेलं.