शेवटचा भाव बोला

भाव करण्यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. हे मी सांगत नाही, दहीपुलावरचे भांडीवाले सांगत. नणंदेच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला गेलो, तेव्हा दुकानदार एका आकड्यावर अडून बसला. मी चहा अर्धा ठेवला, चपला घातल्या आणि आमच्या ह्यांना दंडाला धरून सरळ एसटी स्टँडकडे चालायला लागले. हे म्हणाले, "अगं, साडी चांगली होती." म्हटलं, "मागे वळून बघाल तर खबरदार!" स्टँड यायच्या आत दुकानदार धापा टाकत मागे आला आणि पैठणी माझ्या भावात घरी आली. बाजाराचा एवढा एकच नियम मला ठाऊक होता: आपण उठून चालायला लागलं की विकणारा हाक मारतोच.

ह्याच नियमाने माझा घात केला, आणि तोही जपानात.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. सासूबाईंकडे स्वेटर विणायचं एक जपानी मशीन होतं. लांबलचक पट्टीवर बारीक सुयांची रांग आणि तिच्यावरून इकडून तिकडे सरकणारा एक ठोकळा. त्याला कॅरेज म्हणतात, सासूबाई म्हणत गाडी. गाडी एकदा सरकवली की लोकरीची एक ओळ विणून होई. गंगापूर रोडकडच्या एका लहानशा शाळेचे स्वेटर दर वर्षी त्याच विणत. बाटलीसारखा हिरवा रंग, गळ्याला दोन पांढऱ्या रेघा. सासरे गेल्यावर ह्या स्वेटरांनीच त्यांना उभं केलं होतं. डिसेंबरातल्या मरणाच्या थंडीत, सकाळी सातला, दूध आणायचं निमित्त काढून त्या शाळेच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहत आणि हिरव्या स्वेटरांतली पोरं आत जाताना बघत. दूध तर आमच्याकडे घरपोच यायचं!

त्या वर्षी गणपतीच्या साफसफाईत गाडी माळ्यावरून पडली आणि आतला तुकडाच मोडला. मुंबईला विचारलं, लुधियानाला फोन केले. सगळीकडे एकच उत्तर: हे मॉडेल कधीच बंद झालं, नवीन मशीन घ्या. सासूबाई म्हणाल्या, "नवीन नको गं. माझा हात ह्याच्यावर बसलाय." दसरा झाला की शाळेच्या मोठ्या बाई पोरांची मापं घेऊन येत. त्याच्या आत गाडी मिळायला हवी होती, नाहीतर तो हिवाळा गेला.

माझे धाकटे दीर तेव्हा जपानात नोकरीला होते. ते म्हणाले, इथे लोक घरातल्या जुन्या वस्तू इंटरनेटवर विकायला ठेवतात, तिथे बघतो. आठ दिवसांत त्यांना अगदी तीच गाडी सापडली. त्यांनी फोटो पाठवले आणि विकणाऱ्या बाईने खाली लिहिलेला मजकूर मराठी करून दिला. मी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. एकेक फोटो वरून खाली इंचाइंचाने उतरत होता आणि अर्ध्यावर आला की वीज जात होती. भारनियमनाच्या नावाने बोटं मोडत मी तिसऱ्यांदा सगळं उघडलं.

आणि तो मजकूर! असली विकणारी मी जन्मात पाहिली नव्हती. डाव्या कडेला नखाएवढा ओरखडा आहे. एका बटणाचा रंग उडालाय. वस्तू माझ्या आईच्या वापरातली आहे, चालवून पाहिली तर चालते, पण मी नवखी असल्यामुळे बारीक दोष मला कळले नसतील, क्षमा असावी. घरात कोणी सिगारेट ओढत नाही, मांजर मात्र आहे. अगं बाई, मांजराचं तुला कोणी विचारलं होतं? भद्रकालीत जुनं कपाट घ्यायला जा, एक पाय लुळा असला तरी विकणारा छातीठोक सांगेल, "ताई, अस्सल सागवान आहे, तुमची नातवंडं वापरतील." आणि ही बया स्वतःच स्वतःच्या मालाची नालस्ती करत बसलेली. हिच्याकडून भाव पाडायचा नाही तर कोणाकडून पाडायचा?

"भाऊजी, तिला शेवटचा भाव विचारा," मी फोनवर म्हटलं.

"वहिनी, इथे असं करत नाहीत. किंमत वाजवी आहे. बटण दाबतो आणि घेऊन टाकतो."

"विचारून तर बघा! विचारायला काय पैसे पडतात?"

माझ्यापुढे भाऊजींचं काय चालणार? त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं. आपण माझ्या वस्तूची चौकशी केलीत, मनापासून आभार. आपली विनंती मान्य करता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. कृपया माफ करा.

"पाघळली!" मी ओरडलेच. "माफी मागतेय म्हणजे आतून पाघळलीय. आता चार दिवस तुम्ही तिकडे फिरकायचं नाही. ती स्वतः हाक मारते की नाही बघा."

"वहिनी, इथे कोणी हाक मारत नाही हो."

"सगळीकडे मारतात!"

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, मागतेय तेवढे दे आणि घेऊन टाक. माझ्या साठवलेल्यातले देते मी." मी म्हटलं, "आई, तुम्ही यात पडू नका. तुम्हाला बाजार कळत नाही."

तिसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. गाडी विकली गेली होती. कोणीतरी सांगितलेल्या किमतीला, अवाक्षर न काढता घेऊन टाकली. अवाक्षर न काढता! मला आधी त्या घेणाऱ्याचाच राग आला. मग विकणारीचा आला, एवढ्या माफ्या मागितल्यास, एक हाक मारली असतीस तर काय जीभ झिजली असती? मग भाऊजींचा. शिकलासवरलेला माणूस, वहिनी म्हणते म्हणून गप्प बसायचं? सगळ्यांवर चिडून झालं आणि चिडायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणपण माझं होतं आणि बैल रिकामा राहिला तो सासूबाईंचा.

त्यांना सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि मशीनवर जुनी चादर टाकली. बस्स, एवढंच. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मला उलटून बोलता आलं असतं.

दसऱ्यानंतर शाळेच्या मोठ्या बाई आल्या, हातात मापांची वही. मी चहा घेऊन बाहेर आले. म्हटलं, आता निघणार माझे सगळे धिंडवडे. पण सासूबाईंनी वही उघडूच दिली नाही.

"बाई, यंदापासून तुम्ही दुसरीकडे बघा," त्या म्हणाल्या. "मला आता डोळ्यांनी दिसत नाही. टाके सुटतात."

मी कपबश्या घेऊन तशीच उभी राहिले. त्याच दिवशी सकाळी मी निवडलेल्या तांदळातून त्यांनी चष्म्याशिवाय चार खडे काढून दाखवले होते. मशीन मोडलंय म्हटलं असतं, तर मग दुरुस्त का नाही केलं, हे आलंच असतं आणि त्याच्या मागोमाग माझं शहाणपण. परक्या बाईसमोर सुनेचं नाव निघू नये म्हणून त्यांनी सरळ स्वतःचे डोळे घालवले. मोठ्या बाई हळहळल्या, तब्येतीला जपा म्हणाल्या आणि वही घेऊन गेल्या. शाळेने तयार स्वेटर आणले. तो अख्खा हिवाळा सासूबाई सकाळच्या घराबाहेर पडल्या नाहीत.

होळीच्या सुमारास भाऊजींना दुसरी गाडी दिसली. ह्या वेळी मला विचारायच्या भानगडीत न पडता त्यांनी आधी बटण दाबलं आणि मग फोन केला. एप्रिलमध्ये त्यांचा एक मित्र सुट्टीवर आला, तो घेऊन आला. कागदाच्या आणि प्लास्टिकच्या इतक्या घड्या की उलगडता उलगडता माझा जीव मेटाकुटीला आला. आत आभाराची हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि सुया साफ करायचा एक ब्रश, तो फुकट! असं कोणी वागायला लागलं तर माणसाने भाव करायचा तरी कशाचा?

वीज गेलेली, पंखा बंद, घामाच्या धारा. पण ह्या मशीनला वीज लागत नव्हती. सासूबाईंनी चादर काढली, गाडी बसवली, शिल्लक राहिलेली हिरवी लोकर ओवली आणि सरकवली. खर्रर्र करून पहिली ओळ आली. मग दुसरी. एक टाका सुटला नाही. माझा आनंद पोटात मावेना. मी पदराला हात पुसले आणि चपला शोधायला लागले.

"आई, मी अशीच जाते आणि मोठ्या बाईंना सांगून येते!"

"काय सांगशील?" त्यांनी गाडी न थांबवता विचारलं. "सासूचे डोळे परत आले म्हणून?"