‘न्हाई’ म्हणणारे कॅप्टनकाका

फोनवर ‘न्हाई’ म्हणायला कॅप्टनकाकांना कधी लाज वाटली नाही. विमानतळावरची आमची खोली माणसांनी भरलेली असो, ड्युट्या लावणाऱ्या रोस्टरवाल्यांचा फोन आला की ते खणखणीत आवाजात सांगायचे, “न्हाई. झोप झाली न्हाई.” मग फोन ठेवून निवांत चहा प्यायचे. बाकीचे वैमानिक माना खाली घालून हसायचे. त्या हसण्याची मला आजही चीड येते, कारण त्यांतल्या प्रत्येकाला तेच म्हणायचं असायचं.

ते कुरुंद्याचे, मी त्याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथची. सहवैमानिक म्हणून त्यांच्या शेजारी पहिल्यांदा बसले, तेव्हा विमानाला उशीर का होतोय हे विचारताना माझ्या तोंडून ‘काहून’ निघून गेलं. त्यांनी वळून बघितलं. “कुठली गं तू?” औंढ्याची म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. देवळाजवळचं पेढ्याचं दुकान आमचंच, हे कळल्यावर तर विचारूच नका. त्या दिवसापासून सरांचे काका झाले आणि मी ‘पोरी’ झाले.

आमच्या धंद्यात स्टँडबाय नावाचा प्रकार असतो. घरीच थांबायचं, पण फोन आला की निघायचं. कंपनीच्या लेखी हा जवळजवळ आरामच. ज्यानं हे ठरवलं त्याला गणवेश खुंटीला टांगून, उशाशी फोन ठेवून एकदा झोपवायला हवं! काका म्हणायचे, “फोनला कान लावून पडलेलं माणूस झोपत नसतंय पोरी, राखण करत असतंय.”

विश्रांतीचा त्यांचा नियम सरकारी पुस्तकातला नव्हताच, हळदीच्या खळ्यावरचा होता. त्यांच्याकडे रात्रभर हळद शिजवणाऱ्या गड्याला दुसऱ्या दिवशी हळद घासून चकचकीत करणाऱ्या पॉलिशच्या ढोलाजवळ फिरकू देत नाहीत, मग तो कितीही हट्ट करो. “माह्या बापाचा हात त्या ढोलाच्या पट्ट्यात गेला. रातभर जागला होता. म्हणत होता, मला कुठं झोप येऊन राहिली?” हे सांगताना ते स्वतःचा उजवा हात चोळायचे.

कंपनीचं गणित वेगळं होतं. वैमानिक कमी ठेवायचे, आणि सणासुदीला अंगाशी आलं की दुप्पट पैशाची फेरी पुढे करायची. घराचे हप्ते भरणारे घ्यायचेही. काका रोस्टरवाल्याला विचारायचे, “दुप्पट पैशानं डोळे दुप्पट उघडे राहतेत व्हय?”

एकदा दिवाळीच्या गर्दीत आमची ड्युटी संपत आली होती. उतरताना कंट्रोल टॉवरनं मला दोनदा हाक मारली, ती मला ऐकूच आली नाही. उत्तर काकांनी दिलं. खाली आलो तर निरोप तयार: आणखी एक फेरी करा, दुप्पट पैसे. ड्युटीची वेळ वाढवायला कॅप्टनची संमती लागते. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नेहमीचा शब्द उच्चारला. विमान रद्द झालं. प्रवासी आरडाओरडा करत होते आणि कंपनीचे साहेब आमच्यावर ओरडत होते. कारण विचारल्यावर काका म्हणाले, “मी थकलोय. पोरगी ठीक आहे.” ते धडधडीत खोटं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हातानंच गप्प केलं. “तुह्यापुढं लई वर्षं हायेत.”

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांकडे जाऊन सांगितलं, थकले होते ती मी. त्यांनी मान हलवली आणि मला पाणी दिलं. त्यांना खरं नकोच होतं, निमित्त हवं होतं, ते मिळालं होतं. या माणसाला आता वयामुळे झेपत नाही असं ठरवून त्यांनी काकांचं उड्डाण बंद केलं, त्यांना जमिनीवर बसवलं. ज्याच्या हातात विमान सगळ्यात सुखरूप होतं, त्याला! काकांनी राजीनामा दिला आणि ते कुरुंद्याला गेले. खोलीत हसणाऱ्यांपैकी एकही निरोपाला आला नाही.

यंदा सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. खळ्यावर हळद वाळत होती. त्यांच्या म्हाताऱ्या आई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “गावातले म्हणतेत, नोकरीत कायतरी लफडं केलं आसंल. बोलू दे. पर बाई, आता फोन वाजत न्हाई, तरी याचा डोळा लागत न्हाई. सारखं वर बघत पडतंय.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांची झोपही घेतली हरामखोरांनी.

एवढ्यात माझाच फोन वाजला. रोस्टर. सुट्टी मोडून या, दुप्पट पैसे. काका हळद पसरता पसरता थांबले.

“नाही,” मी म्हणाले.

पलीकडून “काय मॅडम?” आलं. काकांनी फावडं खाली ठेवलं.

“आवाज बारीक निघाला, पोरी. परत म्हण.”

मी उभी राहिले आणि अख्ख्या खळ्याला ऐकू जाईल असं ओरडले, “न्हाई!”