वर्षाचं धान्य

आम्ही नवराबायको पाड्यावरच्या चर्चला निघालो तेव्हा मिरजेच्या चर्चमध्ये निरोपसमारंभ झाला. दूर जाऊन प्रभूच्या मळ्यात राबणं हे केवढं भाग्य, असं एकूण एक वक्त्यानं सांगितलं. हे भाग्य आपल्या पोराच्या वाट्याला यावं असं मात्र कुणालाच वाटलं नव्हतं. पोरं पुण्यात कंपन्यांतून चिकटलेली होती. मंडळींनी आम्हाला मायक्रोवेव्ह भेट दिला. पाड्यावर वीज यायची, पण तिच्या सवडीनं, त्यामुळे पहिल्याच महिन्यात मी त्यात कांदेबटाटे ठेवायला लागले. उंदरांपासून सुरक्षित जागा होती, देणाऱ्यांचं भलं होवो.

नातेवाइकांच्या मते आम्ही 'नाशिकला' होतो. तुमची काय बाई मजा, गार हवा आणि द्राक्षं, असं मावशी फोनवर म्हणायची आणि एक पेटी पाठवून दे, असंही म्हणायची. आमचं नाशिक म्हणजे हरसूलच्याही पुढे डोंगरातला एक पाडा. भात कापून झालं की तिथली माणसं दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरीला जायची. द्राक्षं मला दिसली ती त्यांच्या हातांवरच्या फवारणीच्या डागांतून. पण मावशीला पेटी हवी होती.

माझा नवरा पाळक, म्हणजे चर्चचा पाद्री. माणूस भला, उत्साही, आणि ज्या कामाचं शिक्षण घेतलंय त्याखेरीज बाकी सगळ्यांत कच्चा. रविवारी मंडळी यायची, आमच्यापेक्षा चांगल्या सुरात गीतं म्हणायची, सलाम करायची आणि उठून जायची. आमच्या ओट्यावर कुणी टेकायचं नाही, आणि कुणाच्या घरात आम्हाला बोलावणं नसायचं. आमच्या आधीची जोडपी वर्ष भरायच्या आत बदली करून घेऊन गेली होती. आम्हीही जाणार, हे पाड्यानं गृहीत धरलं होतं. मीही धरलं होतं. नाताळला मी माहेरी जाणार आणि परत यायचं की नाही ते तिथं ठरवणार, असं मी नवऱ्याला तोंडावर सांगून ठेवलं होतं. त्यावर तो म्हणाला, आपण प्रार्थना करू. भांडण टाळायची ही सोय फक्त पाळकांनाच असते.

मग आला कापणीचा सण. आमच्या मिरजेला या दिवशी लोक शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून वाहतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. लिलाव म्हणजे नुसती धमाल असते. एका भोपळ्यासाठी दोन प्रतिष्ठित काका हमरीतुमरीवर येतात, किंमत बाजाराच्या दहापट चढते आणि हरलेला काका आठवडाभर जिंकलेल्याशी बोलत नाही. इथं हे पूर्वी कुणी केलं नव्हतं. नवऱ्याला वाटलं, मंडळीत जान आणायला याहून चांगला उपाय नाही.

लोकांनी भरभरून आणलं. नव्या भाताची पोती, नागली, उडीद, काकड्या, एक कोंबडा. नवऱ्यानं लिलावाचे नियम समजावले, कोंबडा पायांना धरून उंच केला आणि पुकारा सुरू केला. कुणी बोलेना. शेजाऱ्यानं देवाला दिलेला कोंबडा आपण मागायचा, हे त्यांना कसंसंच वाटत असणार. कोंबडा तेवढा ओरडत होता. शेवटी लोकांची भीड चेपावी म्हणून नवऱ्यानं स्वतःच पहिली बोली लावली.

तिथंच तो फसला. मिरजेला पाळकानं बोली लावली की चारजण त्याच्यावर तुटून पडतात. इथं एकानं मागितलेली वस्तू दुसऱ्यानं ओढून घेणं म्हणजे बेअदबी, आणि तीही पाळकसाहेबांच्या हातातून. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोंबडा आमचा झाला. भाताच्या पोत्यालाही तसंच, नागलीलाही तसंच. मी मागून डोळे वटारत होते, पण व्यासपीठावरून बायको दिसत नाही. दुपारपर्यंत आख्खा कापणीचा सण आम्ही विकत घेतला होता, आणि माझ्या नाताळच्या प्रवासाला बाजूला ठेवलेले पैसे दानपेटीत गेले होते.

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते पाळकाच्या बायकोला शोभणारं नव्हतं. वर तो म्हणाला, धान्य तरी चांगलं आहे. पैशांवाचून माझं अडणार नव्हतं. आईला नुसतं कळवायचा अवकाश, तिनं मोबाइलवर भाडं पाठवलं असतं. मी बॅग काढून खाटेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातली काकी दारात उभी. मंडळीत वयानं सगळ्यांत मोठी, आणि आजवर माझ्याशी सलामापलीकडे न बोललेली. मागे तिच्या सुना, आणि त्यांच्या डोक्यावर बांबूची भलीमोठी कणगी. न विचारता त्या आत आल्या, कोपरा झाडला, कणगी बसवली आणि शेणमातीनं लिंपायला लागल्या.

मी काकीला विचारलं, हे कशाला?

"धान कुठं ठिवशील? पोत्यात कीड पडंल." लिंपता लिंपता काकी म्हणाली, "आधीचे सायेब बाजारातनं किलोकिलोनं आणायचे. ते ऱ्हाणारे नव्हते. तुम्ही वर्षाचं घेतलं. आता तुम्ही ऱ्हाणार."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. माझ्या नवऱ्याला लिलाव घेता येत नाही, एवढंच तर सांगायचं होतं. पण एका सुनेनं शेणमातीचा गोळा माझ्या हातात दिला आणि खालचा भाग तू लिंप म्हणाली. मी बसले. खाटेवरची बॅग सगळ्यांना दिसत होती, तिच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. मला रडू यायला लागलं, आणि नवऱ्याचा राग तसाच होता, तोही जाईना. काम झाल्यावर त्या ओट्यावर टेकल्या. मी चहा केला.

संध्याकाळी रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन मी आईला फोन लावला. नाताळला येत नाही म्हटलं. तिनं विचारलं, का गं?

"घरात वर्षाचं धान्य भरलंय," मी म्हणाले. "ते टाकून कशी येऊ?"

ती नाक पुसतेय हे मला ऐकू येत होतं.

"तांदूळ नवा असेल ना?" शेवटी ती म्हणाली. "पाणी कमी घाल. नाहीतर चिखल होतो."