हरिश्चंद्र सारंगाचं सुटं टोक

मला लिहायची सवय नाही, तेव्हा हरिश्चंद्राबद्दल जमेल तसं सांगतो. भाट्याच्या आमच्या वाडीत त्याला सगळे सारंग म्हणतात. ते आडनाव नव्हे. मालवाहू जहाजावर खलाशांचा जो मुकादम असतो तो सारंग, आणि हरिश्चंद्राचा अर्धा जन्म त्या कामात गेला. निवृत्त होऊन घरी आला तो जहाजावरची एक शिस्त घेऊनच: दोराचं सुटं टोक दिसता कामा नये. जहाजावर अशा टोकात पाय अडकून माणूस समुद्रात जातो. घरात समुद्र नाही, हे त्याला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

त्याच्या घरी पडद्यांच्या दोऱ्या खिळ्यांना आवळून बांधलेल्या असतात, त्यामुळे पडदे उघडत नाहीत. एकदा माझ्या पायजम्याची नाडी बाहेर लोंबत होती. त्याने मला भर रस्त्यात थांबवून ती बांधून दिली. घरी आल्यावर कात्री घ्यावी लागली.

त्याचा मुलगा विनीत मुंबईला एका कंपनीत कॉम्प्युटरच्या नेटवर्कचं काम बघतो. गणपतीत तो आला तो तीन पांढरे डबे आणि एक काळा डबा घेऊन. पांढरे डबे ओटीवर, स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत बसवले. ते आपापसांत हवेतून बोलतात, म्हणून नेट घरभर पोचतं. काळ्या डब्याला ओळीने भोकं होती आणि ओटीवरच्या डब्याची वायर त्यातल्या एकात गेली होती.

"हा स्विच हुशार आहे, बाबा," विनीत काळ्या डब्याच्या भोकांवर बोट ठेवत म्हणाला. "काही भानगड दिसली तर तो ते पोर्ट आपणहून बंद करतो."

पोर्ट म्हणजे बंदर, एवढं सारंगाला कळलं. पुढचं ऐकायची त्याला गरज वाटली नाही.

नेट घेतलं होतं ते त्याच्या बायकोसाठी, मथुरावहिनींसाठी. सून वेदिका हिने त्यांचा उकडीच्या मोदकांचा ऑनलाइन वर्ग ठरवला होता. पुण्यानाशकाच्या मुली होत्या, दोघी दुबईच्या. पहिल्या रविवारी वहिनींनी पारी हातात घेतली, "आता पहिली कळी" म्हणाल्या, आणि मुलींच्या पडद्यावर तिथेच अडकल्या. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, बोट वर. मुलींनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

वेदिकाने माझ्या मोबाइलवर फोन करून वहिनींना स्पष्टच सांगितलं, "आई, या रविवारीही असंच झालं तर मुली देवरूखच्या काकूंकडे जाणार म्हणतायत."

"कोण गो ती?"

"त्या साच्यात करतात."

"साच्यात," वहिनी म्हणाल्या आणि नारळ फोडायला गेल्या. त्या दिवशी गरजेपेक्षा बरेच नारळ फुटले.

दुसऱ्या रविवारी सकाळी मला बोलावणं आलं. त्यांच्या घरात रेंज फक्त माझ्या मोबाइलला येते. वर्गाला थोडा वेळ उरला होता, उकड मळून झाली होती आणि नेट नव्हतं. मी विनीतला फोन लावला आणि स्पीकर करून हातात धरून उभा राहिलो.

"काका, काळ्या डब्याचे दिवे कसे दिसतायत?"

"बहुतेक विझलेत," मी म्हटलं. "एक लुकलुकतोय. मला नीट कळत नाही हं."

"बाबा, तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? सुटं टोक होतं ते लावलं."

"कुठलं टोक?"

"स्वयंपाकघरातल्या डब्याला तू वायर अडकवून ठेवलीस, टीव्हीसाठी म्हणून. ती लोंबत होती. गेल्या रविवारी वाशावरून ओढून आणली आणि काळ्या डब्यात घट्ट केली."

तिकडे विनीतने श्वास सोडलेला आम्हाला ऐकू आला. "बाबा, ते डबे आधीच हवेतून बोलतायत. तुम्ही दुसरी वाट दिलीत. लूप झाला. एकच निरोप इथून जातो, तिथून येतो, परत जातो, थांबतच नाही."

"दोन दोर म्हणजे मजबूत की रे. एक तुटला तर दुसरा."

"म्हणूनच स्विचने ते पोर्ट बंद केलं असणार."

"केलं ना. मग मी पुढच्या पोर्टात लावली. तेही बंद झालं. मग त्याच्या पुढच्या." सारंगाचा आवाज चढला. "बंदर बंद असलं तर जहाज काय परत न्यायचं? पुढच्या बंदरालाच न्यावं लागतं."

"असं करत किती पोर्टं झाली?"

"किनारा संपला," सारंग म्हणाला.

वहिनी हाताला तूप लावून दारात उभ्या होत्या. "म्हणजे तुमच्या बहिणीचं, चिमावन्संचं, आणि तुमचं असतं तसं झालं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना काही सांगावं, त्यांनी तुम्हाला, तुम्ही परत मलाच येऊन सांगावं. आणि डब्याने कंटाळून दारं लावली. शहाणा आहे डबा. काढा ती वायर."

सारंगाने वायर काढली. विनीतने काळा डबा बंद करून पुन्हा चालू करायला लावला. दिवे एकेक करून शांत लागले आणि वेदिकाचा चेहरा टॅबवर उमटला. "आई, सगळ्या आल्यात. सुरू करा."

एवढ्यात माझं लक्ष गेलं. सारंग हातातल्या टोकाकडे बघत होता आणि त्याची नजर हळूहळू काळ्या डब्याच्या रिकाम्या भोकांवर चालली होती. वायरचं दुसरं टोक फ्रीजमागच्या पांढऱ्या डब्यात होतं आणि ते काढायला फ्रीज सरकवावा एवढा आता वेळ नव्हता.

वहिनींनीही ते पाहिलं. "इकडे या," त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारी बसा. टोक धरून बसा. सोडायचं नाही आणि कुठे खुपसायचंही नाही."

तो दोन्ही हातांनी टोक धरून स्टुलावर बसला, धक्क्याला लागणाऱ्या जहाजाचा दोर धरावा तसा. वर्ग सुरू झाला. पहिली कळी पडली, दुसरी पडली. दुबईच्या मुलीने विचारलं, "मागे काकांनी काय धरलंय?"

"नेट," वहिनी म्हणाल्या, आणि मोदकाचं टोक वळवलं.

मोदक उकडून निघाले. सारण दाखवायला वहिनींनी एक फोडला आणि सवयीने अर्धा सारंगापुढे केला. त्याचे दोन्ही हात अडकलेले. त्याने तोंड उघडलं. वहिनींनी एकदा टॅबकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि घास त्याच्या तोंडात घातला. तिकडे सगळ्या मुली एकदम ओरडल्या.

वर्ग पुढेही वहिनींकडेच राहिला. पण त्या घासाच्या वेळी नेट जरासं अडकलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्या मला दोनदा म्हणाल्या.